सोमवतीचा समुद्र आणि विहीणबाईंचा पाट

वाईला परत आल्यापासून घाटावर मला एकच प्रश्न विचारला जातो, "समुद्र केवढा हो?" मी सांगते, तुम्ही कोणत्या वेळी जाता त्यावर आहे. बायकांना वाटतं, ही मुंबई पाहून आली आणि चढून गेली. म्हणून एकदाचं सगळं लिहून टाकते.

आमची कृष्णा सरळ स्वभावाची. पावसाळ्यात भरते, उन्हाळ्यात आटते, आणि एरवी काल जिथे होती तिथेच आज असते. कोणती पायरी ओली असेल हे डोळे मिटून सांगावं. मुंबईचा समुद्र दिवसातून दोनदा येतो, दोनदा जातो. गिरगावातली आमची मंडळी पिढ्यान् पिढ्या त्याच्या शेजारी राहतात, पण दारावरून जाणाऱ्या कल्हईवाल्याकडे जितकं लक्ष देतात तितकंही त्याच्याकडे देत नाहीत.

आम्ही गेलो ते हवा खायला नव्हे. माझ्या नणंदेची, म्हणजे वन्संची, मुलगी गोदी गिरगावात दिली आहे. लग्नाला बरीच वर्षं झाली, मूल नाही. गोदीच्या सासूने, आमच्या विहीणबाईंनी, निरोप पाठवला की मार्गशीर्षात सोमवती अमावास्या येते आहे. त्या दिवशी जोडप्याने समुद्रस्नान करावं असं जोशीबुवांनी काढलं आहे. स्नान निर्विघ्न पार पडलं तर उत्तम. नाही पडलं तर गोदीच्या नशिबात नाही असं समजायचं, आणि माघात गोदीच्या नवऱ्याचं, केशवरावांचं, दुसरं लग्न करायचं. मुलगी पाहूनही ठेवली आहे, भायखळ्याची. निरोप ऐकून वन्सं रडायला बसल्या. मी फराळाचे डबे भरायला घेतले.

वाटेतलं सांगण्यासारखं काही नाही. टांगा, आगगाडी, आणि डोळ्यात गेलेला कोळशाचा कण, जो गिरगावात पोचेपर्यंत निघाला नाही.

दशमी

घर वाडीत, दुसऱ्या मजल्यावर. मुंबईत पाणी नळाने वर चढतं आणि माणसं जिन्याने. दोन्ही धापा टाकत येतात. गोदी दारात उभी होती. सुकली होती. पाया पडली आणि हळूच म्हणाली, "मामी, बरं झालं तू आलीस. आई नुसती रडेल."

घरातले व्याही भाऊसाहेब सरकारी कचेरीत मोठे कारकून. त्यांच्या घरी वेळ दोन प्रकारची आहे. भिंतीवरचं घड्याळ मुंबईची वेळ दाखवतं आणि भाऊसाहेबांच्या खिशातलं मद्रासची, कारण आगगाड्या मद्रासच्या वेळेने सुटतात. दोन्हींत अर्ध्या तासाचं अंतर. त्यामुळे जेवायला उशीर झाला की नाही यावर भाऊसाहेब आणि विहीणबाईंचा रोज वाद होतो आणि रोज दोघंही बरोबर असतात. पावाला स्वयंपाकघरात बंदी आहे. तो मागच्या जिन्याने येतो आणि बाहेरच्या खोलीत चहात बुडून नाहीसा होतो. विहीणबाईंना हे माहीत नाही, असं सगळे धरून चालतात, आणि त्यात विहीणबाईही आल्या.

दिवेलागणीला आम्ही चौपाटीवर गेलो. समुद्र अगदी वर, भरलेला. वन्संनी हात जोडले. मी पाय भिजवावा म्हणून पुढे झाले, तर विहीणबाईंनी माझा पदर मागून ओढला.

"अहो, हे काय करता! पर्वणीशिवाय समुद्राला शिवायचं नसतं!"

"असं होय. मग पर्वणीला तुम्ही इथेच स्नान करत असाल."

"छे, इथे कोण येतं गर्दीत! आम्ही घरीच बादलीत मीठ टाकतो."

म्हणजे या घरातल्या एकाही माणसाने समुद्राला आजवर हात लावला नव्हता. आणि त्याच समुद्रावर गोदीचा संसार टांगून ठेवला होता.

एकादशी

सकाळी भाऊसाहेब वर्तमानपत्र मोठ्याने वाचतात. बाजारभाव, साहेबांच्या बदल्या, आणि शेवटी, संध्येतली पळी ठेवावी तशा स्वरात, "भरती, सव्वाआठ." घरात कुणी मान वर करत नाही. मी विचारलं, ही भरती कशाने येते?

भाऊसाहेबांना असं विचारणारं माणूस बऱ्याच दिवसांत भेटलं नसावं. त्यांनी माझ्या फराळाच्या ताटलीतला राजगिऱ्याचा लाडू उचलला. तो चंद्र. मधोमध तांब्या ठेवला, ती पृथ्वी. "चंद्र पाण्याला आपल्याकडे ओढतो. म्हणून त्याच्या बाजूचं पाणी फुगतं. पृथ्वी फिरते, आपण त्या फुगवट्याखालून जातो, ती भरती."

"मग दिवसातून एकदाच यायला हवी. दोनदा का?"

"पलीकडच्या बाजूलाही पाणी फुगतं."

"चंद्र इकडे आणि फुगवटा तिकडे?"

"जवळच्या पाण्याला ओढ जास्त, पृथ्वीला त्याहून कमी, पलीकडच्या पाण्याला सगळ्यात कमी. ते मागे राहतं," भाऊसाहेब म्हणाले, आणि बोलता बोलता चंद्र खाऊन टाकला.

मला ते दुपारी कळलं. आम्ही महालक्ष्मीला गेलो होतो. ट्राममधून उतरल्यावर चालताना देवीच्या ओढीने विहीणबाई झपझप पुढे, मी मधे, आणि वन्सं गुडघे धरत मागे. ओढ एकाच बाजूने, पण मी मागे पाहिलं तर वन्संपासून जेवढी लांब, पुढे पाहिलं तर विहीणबाईंपासूनही तेवढीच. दोन्हीकडे अंतर पडलेलं. दोन भरत्या त्या अशा. लाडू वाया गेला नाही म्हणायचा.

त्रयोदशी

मुंबईच्या स्वयंपाकघरात चार बायकांना पुरेल एवढं काम नसतं, पाणी भरायचंच नसल्यामुळे. मी रोज सकाळी गोदीला घेऊन चौपाटीवर जायला लागले. एकादशीला आम्ही पोचलो तेव्हा समुद्र भरून आमची वाट पाहत होता. द्वादशीला पोचलो तेव्हा तो अजून येत होता. आज तर चांगलाच खाली होता, आणि तो भरेपर्यंत गोदीची सगळी हकीकत ऐकून झाली.

हकीकत फारशी नव्हती. सासू बोलते, सासरे वर्तमानपत्र वाचतात, नवरा काहीच बोलत नाही.

"त्यांना दुसरं लग्न हवं आहे का?" मी विचारलं.

"विचारलं होतं. म्हणाले, आई ठरवेल."

"आणि तुला काय हवं आहे?"

गोदीने वाळूत बोटाने रेघ ओढली. "मला मागच्या खोलीत जायचं नाही, मामी. माझ्या चुलत जावेची बहीण गेली आहे तशी. सवत आल्यावर तिला मागची खोली दिली. ती आता तिथेच जेवते सुद्धा."

पाणी वर चढत होतं ते पाहत बसले, आणि माझ्या लक्षात आलं की हा उशीर माझ्या ओळखीचा आहे. रोज साधारण वरणभात शिजायला लागतो तेवढा, पाऊण तासाचा. असा उशीर करणारा दुसरा कोण, हे संकष्टीचा उपास करणाऱ्या बाईला सांगायला नको. पौर्णिमेला दिवेलागणीला उगवणारा चंद्र रोज तेवढाच मागे मागे जातो आणि चतुर्थीला आपल्याला उपाशी ताटकळत ठेवतो. समुद्र चंद्राच्या मागे बांधलेला आहे. चंद्राला उशीर, की याला उशीर.

मग हिशेब सोपा होता. एकादशीला सव्वाआठ. अकराची पाऊणपट केली की सव्वाआठच येतात. आज तेरा, म्हणजे पावणेदहा. आणि तेव्हाच तो भरला. तिथीची पाऊणपट करा, भरती मिळते. आणि भरतीच्या मागे-पुढे सहा तासांनी ओहोटी.

मग मी अमावास्येची, म्हणजे पंधराची, पाऊणपट केली. दुपारी सव्वाअकराच्या सुमारास भरती. म्हणजे पहाटे समुद्र पार तळाला. आणि जोशीबुवांनी स्नान काढलं होतं सूर्योदयाला.

एक कोळीण टोपली घेऊन चालली होती. खात्री करून घ्यावी म्हणून तिला विचारलं, "बाई, अमावास्येला पहाटे इथे पाणी असतं का हो?"

ती आमची नऊवारी, नथ, गोदीच्या हातातलं तबक, सगळं पाहून घेऊन म्हणाली, "पानी कशाला पायजे, बामनीन? मासं घेनार नाय, होडीत बसनार नाय, नि पानी विचारतं!" आणि हसत निघून गेली. खात्री काही झाली नाही.

चतुर्दशी

सकाळी एकटीच जाऊन आले. भरून ओसरलेल्या पाण्याने वाळूवर गवतकाडीची ओळ सोडली होती. तिच्यावर थोडा वेळ उभी राहिले.

जेवणं झाल्यावर जोशीबुवा आले. गडी गुबगुबीत, आणि बसायच्या आधी पंचांग पुढे ठेवणारा. मी दाराआडून म्हटलं, "बुवा, उद्या सूर्योदयाला ओहोटी असेल. स्नान दुपारी करावं."

"पंचांगात ओहोटी हा शब्द नाही, बाई."

"शब्द नसेल. पण तिथी आहे ना? तिच्यावरूनच..."

"तिथी मुहूर्तासाठी असते."

मी भाऊसाहेबांकडे वळले. "तुमच्या वर्तमानपत्रात उद्याची भरती काय लिहिली आहे?"

भाऊसाहेबांनी पाहिलं. "साडेअकराच्या आत-बाहेर. आणि पहाटे ओहोटी. बरोबर आहे तुमचं. अमावास्येला सूर्य आणि चंद्र एकाच बाजूने ओढतात, त्यामुळे भरती मोठी आणि ओहोटीही मोठी. उद्या तर पाणी फारच दूर जाईल."

"मग?"

"मग काय?"

"स्नान कसं करायचं?"

भाऊसाहेब माझ्याकडे कीव आल्यासारखे पाहत राहिले. "अहो, हे कोष्टक आगबोटींसाठी असतं. स्नानाला मुहूर्त पाहतात."

एका खोलीत पंचांग होतं, वर्तमानपत्र होतं, आणि त्यांचे दोन मालक मांडीला मांडी लावून पान खात होते. मी एवढंच विचारून घेतलं, की उद्या अमावास्या किती वेळ आहे. बुवा म्हणाले, दिवस कलेपर्यंत. ते मी ध्यानात ठेवलं.

सोमवती अमावास्या

अंधार असतानाच निघालो. पुढे बुवा, मग केशवराव आणि गोदी, उपरण्याला पदराची गाठ मारलेले, मग विहीणबाई, वन्सं, आणि शेवटी मी, तबक आणि पाट घेऊन. पाट विहीणबाईंसाठी, त्या वाळूवर बसत नाहीत. तो कुठे मांडायचा हे सांगायला त्या थांबल्या नाहीत, तेव्हा मीच मांडला. त्या बसल्या. उजाडलं.

समुद्र नव्हता.

म्हणजे होता, पण क्षितिजाकडे, एखाद्या रागावून माहेरी निघालेल्या बाईसारखा पाठ करून. मधे नुसता काळा चिखल, डबकी आणि खडक. इतर मंडळी शहाणी होती. पुढच्या डबक्यातून तांब्याभर पाणी घेऊन डोक्यावर ओतत होती आणि घरी जात होती. पण आमच्या मुहूर्तात "गळाभर पाण्यात तीन बुड्या" असं होतं.

"चला," बुवा कोरड्या वाळूवरून म्हणाले.

जोडपं निघालं. केशवरावांनी शिंपले टोचतील म्हणून जोडा घातला होता. तो पहिल्या डबक्याजवळच चिखलाने ठेवून घेतला. ते वाकले, गोदी ओढली गेली. पुढे पाणी घोट्याएवढं लागलं. आणखी चालल्यावर पोटरीएवढं.

"आणखी पुढे!" बुवा ओरडले.

"पुढेही एवढंच आहे!" केशवराव ओरडले. लग्नानंतर त्यांनी एवढ्या मोठ्याने काही बोलल्याचं गोदीला आठवत नाही.

"मग बसा खाली!"

बसले. पाणी कमरेएवढं झालं.

"आडवे व्हा! गळा बुडल्याशी कारण!"

दोघं आडवी झाली. कृष्णेकाठी म्हशी बसतात, पण त्यांना निदान पुरेसं पाणी मिळतं. उठताना केशवरावांचा पाय घसरला, ते मागे पडले, गोदी पुढे पडली आणि गाठ सुटली.

दोघं वेगवेगळी चालत परत आली, चिखलाने माखलेली, कोण कुठलं ओळखू येईना. गोदी रडत नव्हती. ती आपल्या पदराचं सुटलेलं टोक हातात धरून पाहत होती.

विहीणबाई शांतपणे म्हणाल्या, "समुद्र मागे सरला. गाठ सुटली. आता मला कुणी बोल लावू नका. भायखळ्याला निरोप पाठवा हो बुवा."

वन्संनी तोंडाला पदर लावला. केशवराव आपल्या अनवाणी पायाकडे पाहत होते.

मी म्हटलं, "विहीणबाई, समुद्र मागे सरला म्हणजे त्याने नाकारलं. असंच ना?"

"डोळ्यांनी पाहिलंत ना?"

"पाहिलं. मग तो पुढे आला तर?"

"तर स्वीकारलं म्हणू. पण तो कशाला येतो!"

"कुठपर्यंत आला म्हणजे चालेल?"

विहीणबाईंनी त्या दूरच्या पांढऱ्या रेघेकडे पाहिलं, मग खाली पाहिलं. "या माझ्या पाटापर्यंत येऊ दे. मी स्वतः दोघांची गाठ मारीन आणि त्या मुलीचं नाव काढणार नाही."

"बुवा, ऐकलंत? अमावास्या दिवस कलेपर्यंत आहे म्हणालात."

"आहे खरी," बुवा म्हणाले. त्यांनी फराळाच्या डब्याकडे एकदा पाहिलं आणि थांबायचं ठरवलं.

मग आम्ही बसून राहिलो. विहीणबाई पाटावरून उठेनात, न जाणो कुणी पाट पुढे सरकवला तर. वन्सं माझ्या कानाशी म्हणाल्या, "अगं, तू हे काय मांडलंस? नाही आला म्हणजे?" मी म्हटलं, येईल. पण खरं सांगते, मनातल्या मनात हिशेब पुन्हा पुन्हा करत होते. काल गवतकाडीची ओळ जिथे होती तिच्या खाली, समुद्राच्या बाजूला, चार हात मी पाट मांडला होता. अमावास्येची भरती कालच्यापेक्षा मोठी, हे भाऊसाहेबांचं म्हणणं. आणि भाऊसाहेब घरात दोन वेळा बाळगणारे गृहस्थ.

ऊन चढलं. डबकी एकमेकांना मिळाली. खडक एकेक करून बुडाले. केशवराव जिथे पडले होते ती जागा गेली. बुवांनी डब्यातला शेवटचा चिवडा संपवला. परवाची ती कोळीण रिकामी टोपली घेऊन परत चालली होती. आमच्या घोळक्यासमोर थांबून म्हणाली, "म्हातारे, ऊठ गो! भिजशील!"

"मी नाही उठायची," विहीणबाई म्हणाल्या. पण त्यांचा आवाज बदलला होता.

पहिली लाट पाटापर्यंत न पोचताच फुटली. दुसरी पाटाला लागली आणि मागे गेली. तिसरीने पाट उचलला, विहीणबाईंसकट. त्या "अगं बाई, अगं बाई" म्हणत अर्धवट तरंगल्या, कलंडल्या आणि गळ्यापर्यंत पाण्यात बसल्या. आयुष्यात पहिल्यांदा समुद्राला शिवल्या त्या अशा. मी आणि कोळणीने दोन बखोट्यांना धरून त्यांना उभं केलं. पाटामागे धावले बुवा.

विहीणबाईंनी तोंडातलं खारं पाणी थुंकलं. सगळे त्यांच्याकडे पाहत होते. शब्दाला जागणारी बाई आहे, एवढं म्हटलं पाहिजे. "गोदे, पदर दे," त्या म्हणाल्या.

पण ओली टोकं त्यांच्या बोटांतून निसटत राहिली, गाठ बसेना. तेव्हा केशवराव पुढे झाले. त्यांनी आईच्या हातातून दोन्ही टोकं घेतली आणि गाठ मारली. तिच्यावर आणखी एक मारली. मग गोदीला घेऊन चालत गेले, आणि काठापासून फार लांब जावंही लागलं नाही. गळाभर पाणी, तीन बुड्या. बुवांनी मंत्र म्हटले. पाट त्यांच्या काखेत होता.

घरी आल्यावर गाठ सुटेना. केशवरावांनी निरगाठ मारली होती आणि ओली सुती कापडं वाळताना आवळली. विळी आणते म्हटलं तर केशवराव म्हणाले, "घाई काय आहे?" दोघं तशीच पाटावर बसली आणि तशीच जेवली. भाऊसाहेब खिशातलं घड्याळ पाहून म्हणाले, जेवायला फार उशीर झाला. भिंतीवरच्या घड्याळाप्रमाणे तितकासा झाला नव्हता.

दुसऱ्या दिवशी आम्ही निघालो. जोडा मात्र परत मिळाला नाही.

हे लिहिते आहे ते चैत्रातल्या हळदीकुंकवानंतर. गिरगावहून आलेल्या एक बाई सांगत होत्या, की तिकडे आता सगळ्या वाडीला ठाऊक झालं आहे: सोमवतीला समुद्र दुपारी उठून विहीणबाईंच्या पायांशी आला, आणि त्याने त्यांना उचलून घेतलं. लांबलांबच्या बायका ऐकायला येतात. जोशीबुवा म्हणे आता सोमवतीचं स्नान मध्यान्हीच काढतात, शास्त्राधाराने. भायखळ्याच्या मुलीचं लग्न दुसरीकडे ठरलं.

गोदीला अजून मूल नाही. सवतही नाही. पाट देवघरात ठेवला आहे, आणि विहीणबाईंशिवाय त्यावर बसायची परवानगी घरात एकट्या गोदीला आहे.